भीती ठोकून काढण्याची हकीकत

धाकटीस,

थोरल्या जावेचा आशीर्वाद. पत्र उघडताना तू वाकून नमस्कार केलास असं मी धरून चालते; गुडघ्यांमुळे वाकवत नसेल तर नुसती मान हलवलीस तरी पोचला. तुझे गुडघे, पाठ आणि ती कानात वाजणारी शिट्टी, सगळं कसं आहे ते कळव. भाऊजींना ऐकू येतं का, की अजून सोयीचं तेवढंच येतं? लेकीकडे तुझं बरं चाललेलं दिसतंय. वाईट चाललं असतं तर तू फोन केला असतास, कारण कुरकुर करायला तुला मी लागते आणि चांगलं सांगायला शेजारणी पुरतात. मी मजेत आहे. हे वाक्य पत्रात घालायची पद्धत आहे म्हणून घातलं. पुढचं वाचून झालं की खोडून टाक.

हे पत्र माझ्या हातचं नाही, हे तू अक्षरावरूनच ओळखलं असशील. माझं अक्षर चौथीत होतं तिथेच थांबलं, कारण शाळाही तिथेच थांबली. त्यात आता उजव्या डोळ्याला कागदावरच्या ओळी दिसत नाहीत आणि डाव्याला एकीच्या दोन दिसतात, तेव्हा मी सांगते आणि नात लिहिते. मी सांगेन तसंच लिहायचं, मधे आपलं काही घालायचं नाही, असं तिच्याकडून कबूल करून घेतलंय. तरी कुठे फार गोड वाटलं तर ते तिचं समज. (आत्ता म्हणाली, आजी, असलं काही मी लिहिणार नाही. लिहिलंन बघ.)

तर डोळ्याचं. तुझ्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर तिसऱ्या दिवशी तू माझ्या घरी येऊन पंख्यावरची धूळ दाखवली होतीस, ते मी विसरलेले नाही. तेव्हापासून घरात सगळ्यांचं एकच पालुपद, धाकट्या काकूंनी केलं ना, मग तुम्हालाच काय होतंय. मला काय होतं ते ऐक. पहिल्या तारखेला मला हिरवा झगा घातला, डोक्याला प्लास्टिकची टोपी, आणि चुकून डावा डोळा कापू नये म्हणून उजव्या भुवईवर पेनानं फुली. मी बाथरूमला जाऊन येते म्हणाले आणि थेट बसस्टॉपवर जाऊन बसले. झग्याच्या नाड्या मागच्या बाजूला, त्यामुळे पाठ भिंतीला टेकवून बसावं लागलं. शेजारच्या बाईनं मला हॉस्पिटलातली समजून एक्स-रे कुठल्या मजल्यावर आहे ते विचारलं. मी दुसऱ्या म्हटलं. (नंतर कळलं की तळमजल्यावर आहे. पण एकदा झगा घातला की माहीत नाही म्हणायची लाज वाटते, आता डॉक्टर लोकांचं मला कळतं.) बस आली तेव्हा लक्षात आलं की पिशवी आत राहिली. मग ज्या पायांनी पळाले त्याच पायांनी पिशवीसाठी परत गेले आणि दारातच मुलाच्या हाती सापडले. दुसऱ्या तारखेला मी पळाले नाही, टेबलापर्यंत गेले, पण ब्लड प्रेशर एवढं चढलं की नर्सनं दोनदा यंत्र बदललं. दोन्ही यंत्रं बरोबर निघाली. बिघडलेली मीच.

डोळ्यांची डॉक्टरीण पोरसवदा आहे, पण बोलते सासूसारखी. तिनं समोर बसवून सांगितलं की मोतीबिंदू पिकून कडक होत चाललाय, आणखी दोन-तीन महिने घालवलेत तर आत्ताचं सोपं काम सोपं राहणार नाही आणि नजर परत येईल याची हमी मी देणार नाही. आता तूच सांग, माझं सगळं नजरेवर. टेलर मास्तर अजून महिन्याला वीसेक कोट पाठवतो काजांसाठी. शर्टाला मशीनचं काज चालतं, पण कोटाला हाताचंच लागतं, आणि मास्तर दर वेळी म्हणतो, काकू, तुमच्या हाताची सर कुणाला नाही. (हे मुद्दाम तुला लिहिते आहे. तू सव्वीस वर्षं काजांच्या एकाच टेबलाला माझ्यासमोर बसून माझं प्रत्येक काज उलटं करून बघायचीस आणि विचारायचीस, हे काज आहे की कोट खिळ्याला अडकला होता?) काजं गेली तर दिवसभर मी काय करायचं, सुनेच्या मागे मागे स्वयंपाकघरात फिरायचं? सून चांगली आहे, पण तिला मागे माणूस उभं राहिलेलं चालत नाही. मलाही चालत नव्हतं.

इथे आमची नात मधे आली. तिचा उद्योग तुला माहीत आहे, कपडे धुवायच्या मशीनच्या कंपनीत फोनवर लोकांच्या शिव्या ऐकते. मशीन बिघडवतं कोण, बनवतं कोण, शिव्या हिला. मधे तिला रात्री झोप येईना, छातीत धडधडायचं, तेव्हा तिच्या कुण्या मैत्रिणीनं तिला हे टॅपिंग शिकवलं. दोन बोटांनी अंगावर ठरावीक जागी ठोकायचं आणि ठोकताना आपल्याला काय होतंय ते तोंडानं म्हणायचं. तिला बरं वाटलं. वाटलं म्हणते तर वाटलं असेल, मी कशाला खोटं पाडू. पण तिला बरं वाटलं एवढ्यावर ती थांबली नाही, सहा रविवार घालवून तिनं त्याचा कोर्स केला. आता सर्टिफिकेट हवं तर एक माणूस पहिल्यापासून शेवटपर्यंत बरा करून त्याची वही द्यावी लागते. बाकीच्या घरांत म्हातारं माणूस असतं, आमच्या घरात केस आहे.

मला तिनं खिडकीशी खुर्चीत बसवलं आणि समजावून सांगितलं की शरीरात ऊर्जेच्या वाहिन्या असतात, नळासारख्या, आणि भीती त्यात तुंबते. ठोकलं की मोकळी होऊन पुढे सरकते. मी विचारलं, सरकत सरकत शेवटी बाहेर कुठून पडते? ते कोर्समध्ये नव्हतं. मग म्हणाली, भीतीला दहापैकी आकडा दे. मी साडेसात दिला. अर्धा नसतो म्हणाली. मी म्हटलं, तुझ्या आजोबांनी आणि मी शिवणातल्या अर्ध्या इंचावर घर चालवलं, साडेसातच लिही. मग ते वाक्य. जरी मला ऑपरेशनची भीती वाटत असली, तरी मी स्वतःला मनापासून आणि पूर्णपणे स्वीकारते, असं तीनदा म्हणायचं. मी म्हटलं, स्वीकारते म्हणजे काय, मी दारात आलेलं पार्सल आहे? आणि या वयात परत तरी कुठे पाठवणार? ती म्हणाली, आजी, मग तुझ्या शब्दांत म्हण. तेव्हा माझं वाक्य असं ठरलं, जरी मी भित्री असले, तरी आता काय करणार. तिनं ते वहीत लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली.

जागा नऊ. आधी तळहाताची कड, मग टाळू, भुवईचा आतला कोपरा, डोळ्याची बाहेरची कड, डोळ्याखालचं हाड, नाकाखाली, हनुवटीवर, गळ्याच्या हाडाखाली आणि शेवटी काखेखाली वीतभर. प्रत्येक जागी सात-सात वेळा. टाळूवर ठोकलं तेव्हा मला शाळेतल्या बाई आठवल्या. हनुवटीवर ठोकलं की माझी कवळी आतून टाळ्या वाजवते, त्यामुळे ती काढून ठेवावी लागली, आणि ती काढल्यावर मला भित्री हा शब्द नीट म्हणता येईना. काखेखाली गुदगुल्या होऊन मी हसले, तर हिनं वहीत लिहिलं, भावना मोकळी झाली. एक मात्र खरं सांगते. (नाही पोरी, हे तू लिही, थांबू नकोस.) हे गेल्याला सतरा वर्षं झाली, तेव्हापासून डॉक्टर सोडले तर माझ्या तोंडाला कुणी हात लावला नव्हता. पोरीची बोटं गार होती. मला बरं वाटलं. ते वाहिन्यांमुळे की बोटांमुळे, ते मला विचारू नकोस, मी चौथी पास आहे.

मग तिनं गृहपाठ दिला. दिवसातून तीनदा, तीन-तीन फेऱ्या, आपल्या हातानं. ती कामावर असायची, मी खिडकीशी मास्तरचे कोट घेऊन बसायची, आणि सुई खाली ठेवली की सुरू. एक काज, एक फेरी. ऑपरेशनच्या तिसऱ्या तारखेला दोन दिवस राहिले होते म्हणून मी जरा जोरात केलं. आणि धाकटे, अंगुस्तान काढायचं राहिलं. (कोर्सवाल्या बाईला अंगुस्तान काय ते समजावून सांगावं लागलं, शिवताना मधल्या बोटात घालायची खड्ड्याखड्ड्यांची पितळी टोपी. तिला दागिना वाटला होता.) नऊ जागा, सात ठोके, तीन फेऱ्या, तीन वेळा, दोन दिवस, तू कर हिशोब. तिसऱ्या दिवशी सकाळी आरशासमोर गेले तर भुवईशी, गालाच्या हाडावर, नाकाखाली, हनुवटीवर निळे-जांभळे गोल, आणि प्रत्येक गोलात बारीक जाळी उमटलेली, कुणी शिक्के मारून पुढच्या पोस्टाला धाडल्यासारखी. उजवा डोळा सुजून अर्धा बंद. सुनेच्या हातून कप पडला. मी म्हटलं, थोडी पावडर लाव आणि चला.

पावडर लावून जास्त वाईट दिसलं. हॉस्पिटलात डॉक्टरणीनं बॅटरी मारून बघितलं आणि नर्सला बोलावलं. नर्सनं मला एका लहान खोलीत नेलं, प्लास्टिकचं झाड आणि नाक पुसायच्या कागदांचा डबा असलेल्या. दार लावून, माझा हात हातात घेऊन, अगदी मऊ आवाजात तिनं विचारलं,

"आजी, घाबरू नका. घरी कुणी हात उचलतं का?"

"उचलते ती मीच."

"स्वतःवर? किती वेळा?"

"दिवसातून तीनदा. जेवायच्या आधी."

"आणि हे असं करायला कुणी सांगितलं तुम्हाला?"

"नातीनं. ती वहीत लिहून ठेवते."

इथे तिचं पेन थांबलं. मी खरं तेच सांगत होते, पण काही वेळा खरं बोलल्यानं जेवढा गोंधळ होतो तेवढा खोट्यानं होत नाही. बाहेर माझ्या मुलाला भिंतीशी उभं करून डॉक्टरीण प्रश्न विचारत होती. ज्या माणसानं आयुष्यात झुरळ मारलं नाही, कागदावर घेऊन खिडकीबाहेर सोडतो, त्याचे कान लाल झाले होते आणि तो म्हणत होता, आईवर? आमच्या आईवर हात उचलायची हिंमत कुणाची आहे? डॉक्टरणीला तेवढं मात्र पटलं, कारण दुसऱ्या तारखेला तिनं मला ऐकलेलं होतं. शेवटी नात ऑफिसातून धावत आली, वही उघडून सगळं दाखवलं आणि पुरावा म्हणून नर्सला खुर्चीत बसवून तिच्यावर एक पूर्ण फेरी करून दाखवली, अर्थात अंगुस्तानाशिवाय. नर्सनं डोळे मिटले. झाल्यावर म्हणाली, ते गळ्याखालचं जरा परत करा. डॉक्टरीण मात्र हसली नाही. सूज उतरेपर्यंत डोळ्याला हात लावणार नाही म्हणाली, पुढच्या गुरुवारची तारीख दिली आणि माझ्याकडे बोट करून सांगितलं, ही शेवटची, यानंतर मी तुमची वाट बघणार नाही.

पोरगी घरी येऊन रडली. मला वाटलं सर्टिफिकेट गेलं म्हणून, तर तसं नाही. आजी, तुला सांगायला हवं होतं मी, तू काम करताना करशील हे माझ्या लक्षात यायला हवं होतं, चूक माझी, असं म्हणत होती. मी तिला गप्प राहा म्हटलं. मला रडणाऱ्या माणसापुढे काय करावं ते कधी कळलेलं नाही, मी आपला तिला चहा करून दिला आणि त्यात साखर घालायची विसरले. तिनं गृहपाठाच्या कागदावर आता एक ओळ वाढवलीय, टॅपिंगपूर्वी बोटांतील सर्व वस्तू काढून ठेवाव्यात. कोर्सवाल्या बाईनं ती ओळ सगळ्यांच्या कागदावर छापायला घेतली. म्हणजे या विद्येत माझीही भर पडली म्हणायची.

आता सगळं ठीक आहे. गोल पिवळे पडून उतरत आलेत. रोज सकाळी नात कामावर जायच्या आधी स्वतःच्या बोटांनी मला ठोकून जाते आणि कालचा आकडा दोन होता. तिनं आनंदानं मला दाखवलान, मला तो दिसला नाही, पण मी हो म्हटलं. तेव्हा काळजीचं कारण नाही. गुरुवारी मी टेबलावर गुपचूप झोपणार आणि आठवड्याभरानं तुझ्या घरच्या पंख्यावरची धूळ बघायला येणार. एवढ्यासाठी तू गुडघे घेऊन इकडे यायची मुळीच गरज नाही. भाऊजींना नमस्कार, मोठ्यानं सांग. लेकीला, जावयांना आशीर्वाद, तुला उरलेला.

तुझी,
थोरली

ता. क. डोळ्यात थेंब घालताना पापणी खाली ओढायची की नुसतं वर बघायचं, ते कळव. डॉक्टरीण एक सांगते, नर्स दुसरं, आणि नात म्हणते आधी श्वास घे.

ता. क. दुसरा. हे माझं अक्षर. नातीचं काम आज घरूनच, आत फोनवर शिव्या ऐकते आहे, तासभर सुटत नाही. जाड पेन घेतलंय, ओळीत चार शब्द मावतात. म्हणून थोडक्यात.

अंगुस्तान बोटात होतं हे मला ठाऊक होतं. छप्पन्न वर्षं काजं करणाऱ्या बाईला ते कळलं नाही, हे पोरीनं मानलं. तू मानलं नसशील.

डोळा सुजला की तारीख पुढे जाते. म्हणून केलं. ती रडली तेव्हा सांगणार होते. नाही सांगितलं.

सुरीला मी भीत नाही. तीन पोरं काढली, दात काढले, पित्ताशय काढलं. पहिल्या तारखेच्या आठवडाभर आधी मास्तरच्या दुकानात गेले होते. तो गिऱ्हाइकाची मापं घेत होता. मी चिंधी हवी म्हणून टेबलाखालच्या टोपलीत हात घातला. हाताला दोऱ्याचे तुकडे लागले. मेण लावलेला, माझाच दोरा. माझीच काजं, उसवलेली. मूठभर. मास्तर माझं काज न् काज उसवतो आणि स्वतः करतो. कधीपासून, ठाऊक नाही. मला म्हणतो, काकू, तुमच्या हाताची सर नाही. मी मूठ परत टोपलीत टाकली आणि त्याच्याकडचे सहा कोट घेऊन घरी आले.

आत्ता म्हणता येतं, डोळ्यामुळे. डोळा साफ झाला आणि काज वाकडंच आलं, तर ते हाताचं. मग कशाचं नाव सांगू? हे नातीच्या वहीत नाही. तिला सांगितलं तर ती हाताला ठोकायला बसेल. तिचा दोनाचा आकडाही खरा नाही. खरा नऊ.

मुलगा, सून, नात, मास्तर, सगळी चांगली माणसं आहेत. माझं काज बघून छान म्हणतील. त्यांचा मला काय उपयोग. तू ये. वर पत्रात, यायची गरज नाही असं लिहिलंय ते पोरीसमोर लिहिलंय. येतेस असा फोन कर, म्हणजे गुरुवारी मी झोपते टेबलावर. नाहीतर बसस्टॉप मला पाठ आहे, आणि या वेळी पिशवी बरोबर घेईन.

डॉक्टरीण सुई धरायला देईल त्या दिवशी पहिलं काज मी तुझ्यासमोर करीन. वाकडं असलं तर तोंडावर सांग, मागून उसवू नकोस. सरळ असलं तर तू तसं म्हणणार नाहीस, तुझा स्वभावच नाही. कोट बाजूला सारशील आणि चहा मागशील.

चालेल.